हँक ग्रीनबर्ग : खेळातून वजा झालेली चार वर्षे

क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असणाऱ्या आपल्याकडच्या रसिकाला एक रिकामी जागा चांगली ठाऊक असते. डॉन ब्रॅडमनची ऑगस्ट १९३८ मधली कसोटी झाली की पुढची येते ती थेट नोव्हेंबर १९४६ मध्ये. विजय मर्चंट १९३६ नंतर कसोटीत दिसतात ते १९४६ च्या उन्हाळ्यात, आणि त्यांच्या नावावर उभ्या आयुष्यात कसोट्या जमा होतात त्या फक्त दहा. मधली वर्षे महायुद्धाने खाल्ली. धावफलकात कोणी किती धावा केल्या याची नोंद असते. कोणाला किती धावा करता आल्या नाहीत, याचा रकाना कोणत्याच वहीत नसतो.

अमेरिकेत क्रिकेटचे स्थान बेसबॉलला आहे. तिथल्या वरच्या दर्जाच्या संघांतले पाचशेहून अधिक खेळाडू दुसऱ्या महायुद्धात गणवेश चढवून गेले. त्यांतल्या एकाची ही हकीकत. त्याचे नाव हँक ग्रीनबर्ग. तो लढाईच्या निमित्ताने आपल्या देशातूनही जाऊन आला, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

बेसबॉलची ओळख नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. गोलंदाजाला तिथे पिचर म्हणतात. तो चेंडू टप्पा न पाडता फेकतो. फलंदाजाने तो टोलवायचा आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरच्या चार ठाण्यांना, म्हणजे बेसना, स्पर्श करत परत घरच्या ठाण्यावर यायचे, की एक धाव होते. चेंडू कुंपणापलीकडे गेला की तो ‘होम रन’. आपल्या षटकाराचाच हा भाऊ. पण क्रिकेटपेक्षा कितीतरी दुर्मीळ, आणि आधीच्या ठाण्यांवर उभे असलेले सगळे साथीदार त्या एका टोल्याने घरी येतात. त्या काळी अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीगमध्ये आठ-आठ संघ असत. प्रत्येक संघ एका मोसमात १५४ सामने खेळे. दोन्ही लीगच्या विजेत्यांमध्ये मोसमाअखेर ‘वर्ल्ड सिरीज’ होई. एका मोसमात ४० होम रन मारणारा फलंदाज म्हणजे देशभर नाव झालेला माणूस.

ग्रीनबर्गचा जन्म १ जानेवारी १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईवडील रुमानियातून आलेले ज्यू, धर्माचे कडक पालन करणारे. वडिलांचा कापडाशी संबंधित धंदा होता. घरात यिडिश, रस्त्यावर आणि शाळेत इंग्रजी. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला उंबऱ्याच्या आत एक माणूस आणि बाहेर दुसरा माणूस व्हावे लागते, हे आपल्या भागातल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. मुलाने शिकून डॉक्टर किंवा वकील व्हावे, अशी आईवडिलांची इच्छा. आणि हा सव्वासहा फुटांचा मुलगा दिवसभर मैदानावर. शेजाऱ्यांच्या दृष्टीने वाया गेलेला. न्यूयॉर्क यांकीज संघाने त्याला विचारले होते, पण त्यांच्याकडे त्याच्याच जागेवर लू गेरिगसारखा दिग्गज खेळत होता. ही जागा लवकर रिकामी होणार नाही, हा हिशेब करून ग्रीनबर्गने १९२९ मध्ये डेट्रॉइट टायगर्स संघाशी करार केला. १९३३ पासून तो त्या संघाचा नेहमीचा खेळाडू झाला.

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर. हेन्री फोर्डच्या मालकीच्या वृत्तपत्राने १९२० नंतरच्या दशकात ज्यूंविरुद्ध लेखमाला चालवली होती. याच शहराच्या उपनगरातून फादर कॉफलिन हा धर्मोपदेशक रेडिओवर बोलत असे, आणि तिशीच्या अखेरीला त्याची भाषणे उघडउघड ज्यूद्वेषी झाली होती. अशा ठिकाणी एक ज्यू मुलगा गावाच्या लाडक्या संघाचा मुख्य आधार झाला. प्रतिस्पर्धी संघांच्या बाकांवरून आणि प्रेक्षकांतून त्याच्या धर्मावरून शिव्या येत. त्याचे उत्तर बहुतेक वेळा कुंपणापलीकडे जाई.

१९३४ च्या सप्टेंबरमध्ये संघ विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असताना ज्यूंचे दोन मोठे सण आले. पहिला नववर्षाचा. त्या दिवशी खेळावे की नाही, यावर गावभर चर्चा झाली. ग्रीनबर्ग खेळला, त्याने दोन होम रन मारले आणि डेट्रॉइटने तो सामना २-१ असा जिंकला. दोन्ही धावा त्याच्याच. नऊ दिवसांनी योम किप्पूर आला, उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी तो मैदानावर न जाता प्रार्थनामंदिरात गेला. आत शिरताच प्रार्थनेला जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेट्रॉइट तो सामना हरले, पण त्या मोसमात लीगचे विजेतेपद त्यांनीच मिळवले. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली मंडळींना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणत. धंद्याचा दिवस बुडाला तरी चालेल, पण व्रत मोडायचे नाही, ही तीच रीत.

पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये, तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि डेट्रॉइटने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९३६ मध्ये मनगट मोडल्याने जेमतेम १२ सामने खेळून मोसम संपला. पण १९३७ ते १९४० या चार मोसमांत त्याने अनुक्रमे ४०, ५८, ३३ आणि ४१ होम रन मारले. बेरीज १७२, सरासरी ४३. त्यातले १९३८ चे ५८ विशेष. बेब रूथचा ६० चा विक्रम त्या वेळी देवळातल्या मूर्तीसारखा पूजला जाई. ग्रीनबर्ग दोनने कमी पडला. ज्यू माणसाला रूथच्या पुढे जाऊ द्यायचे नाही म्हणून पिचर मुद्दाम त्याला मारण्याजोगे चेंडू देत नव्हते, अशी वदंता अनेक वर्षे चालली. स्वतः ग्रीनबर्गने मात्र ती कधीच मान्य केली नाही. आपण दमलो आणि मोसम संपला, एवढेच त्याचे म्हणणे. त्याच वर्षी युरोपात हिटलरने ऑस्ट्रिया गिळला होता. आपला प्रत्येक होम रन हिटलरच्या विरोधात जातो आहे असे तेव्हा वाटू लागले होते, हे त्याने पुढे आठवणींत सांगून ठेवले आहे.

१९४० मध्ये संघाच्या सोयीसाठी त्याने आपली पहिल्या ठाण्याची जागा सोडली आणि लेफ्ट फील्डला जाऊन तिथले क्षेत्ररक्षण नव्याने शिकला. डेट्रॉइट पुन्हा लीगचे विजेते झाले आणि ग्रीनबर्ग दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडू. वय एकोणतीस, हातात ताकद, डोक्यात अनुभव. फलंदाजाच्या आयुष्यातला हा भर दुपारचा काळ.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला. देश युद्धात नसताना अशी भरती तिथे पूर्वी कधी झाली नव्हती. २१ ते ३५ वयाच्या पुरुषांनी नावे नोंदवायची, चिठ्ठीने क्रमांक निघायचे आणि ज्याचा निघेल त्याने एक वर्ष चाकरी करायची. ग्रीनबर्गचा क्रमांक लवकर निघाला. आधीच्या तपासणीत त्याचे तळवे सपाट निघाले, म्हणजे सुटायला वाट होती. त्यावरून वर्तमानपत्रांत कुजबुजही झाली. फेरतपासणीत तो योग्य ठरला. ६ मे १९४१ रोजी तो यांकीजविरुद्ध शेवटचा सामना खेळला. त्या मोसमातल्या आधीच्या अठरा सामन्यांत त्याला एकही होम रन मारता आला नव्हता. त्या दिवशी त्याने दोन मारले आणि दुसऱ्या दिवशी सैन्यात दाखल झाला. वर्षाला ५५,००० डॉलर घेणारा माणूस महिना २१ डॉलरचा शिपाई झाला.

मिशिगनमधल्या फोर्ट कस्टर छावणीत रणगाडाविरोधी तोफांवर त्याचे शिक्षण झाले. शिपायाचा तो सार्जंट झाला. एवढ्यात काँग्रेसने २८ वर्षांवरच्या जवानांना मोकळे करायचे ठरवले. ग्रीनबर्ग तिशी ओलांडलेला. ५ डिसेंबर १९४१ रोजी त्याला सन्मानाने निरोप मिळाला. १९४२ चा मोसम चार महिन्यांवर होता.

दोन दिवसांनी, ७ डिसेंबरला, जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले.

आता त्याला बोलावणारा कायदा नव्हता. वयाची सवलत त्याच्या खिशात होती. सैन्यातून तो, दोन दिवस आधी का होईना, रीतसर मोकळा होऊन आला होता. तो परत गेला. बेसबॉल सोडताना जिवाला चुटपुट लागते आहे आणि बहुधा हा आपल्या खेळाचा शेवट आहे, हेही त्याने पत्रकारांपुढे लपवले नाही. खेळ सोडून जाणाऱ्यांत तो एकटा नव्हता. क्लीव्हलंडचा तरुण पिचर बॉब फेलर पर्ल हार्बरच्या पाठोपाठच नौदलात दाखल झाला आणि पुढे ‘अलाबामा’ या युद्धनौकेवर तोफेपाशी उभा राहिला. पण फेलर तेवीस वर्षांचा होता. ग्रीनबर्ग एकतीस वर्षांचा होत होता. या वयात तीन-चार वर्षे गेलेला फलंदाज सहसा परत येत नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

हवाई दलात अधिकाऱ्याचे शिक्षण घेतल्यावर त्याला जवानांच्या शारीरिक शिक्षणाचे काम मिळाले. नामवंत खेळाडूंना सैन्यात बहुधा असेच काम मिळे: कवायती घ्यायच्या, छावणीच्या संघातून प्रदर्शनी सामने खेळायचे, फोटो काढू द्यायचे. ग्रीनबर्गने परदेशी पाठवण्याची विनंती केली. १९४४ मध्ये तो ‘बी-२९’ या नव्या अजस्र बॉम्बफेकी विमानांच्या पहिल्या तुकड्यांबरोबर पूर्वेकडे निघाला. त्या विमानांचे ठाणे होते आपल्या बंगालमध्ये, खरगपूरच्या परिसरात.

या ठाण्याची कथा वेगळीच आहे. त्या विमानदलाचे मुख्यालय खरगपूरजवळच्या हिजलीला होते. हिजलीच्या इमारतीत त्याआधी इंग्रज सरकारने क्रांतिकारकांना स्थानबद्ध करून ठेवले होते, आणि सप्टेंबर १९३१ मध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात दोन बंदिवान मरण पावले होते. १९५१ मध्ये देशातली पहिली आयआयटी सुरू झाली तीही त्याच इमारतीत. या दोन काळांच्या मधल्या पानावर अमेरिकन वैमानिक येतात. खरगपूरहून जपान फार लांब. म्हणून विमाने हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगा ओलांडून सुमारे १,२०० मैलांवरच्या चेंगडूला जात. तिथल्या धावपट्ट्या लाखो चिनी मजुरांनी दगड फोडून हातांनी तयार केल्या होत्या. पेट्रोल आणि बॉम्बसुद्धा याच हवाई वाटेने न्यावे लागत. एका हल्ल्याइतके इंधन साठवायला कितीतरी फेऱ्या होत, आणि डोंगरांत कोसळलेल्या विमानांच्या अवशेषांवरून त्या वाटेचा माग काढता येई असे म्हणत.

१५ जून १९४४ रोजी चेंगडूच्या परिसरातून या विमानांनी जपानच्या भूमीवर पहिला हल्ला केला. लक्ष्य होते यावाटाचा पोलाद कारखाना. कॅप्टन ग्रीनबर्ग तळावर होता. उड्डाण करता करता एक विमान कोसळून पेटले. पोटात बॉम्ब तसेच. आतल्या माणसांना काढण्यासाठी ग्रीनबर्ग आणि त्याचा एक सहकारी धावत सुटले. ते पोचण्याआधीच बॉम्बचा स्फोट झाला आणि दोघे उडून पडले. दोन-तीन दिवस ग्रीनबर्गला ना नीट बोलता येई, ना ऐकू येई. नवल असे की त्या विमानातली सगळी माणसे वाचली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका पत्रकाराने विचारल्यावर त्याने हा प्रसंग सांगितला, तो आपल्या पराक्रमाचा म्हणून नव्हे, तर त्या माणसांच्या नशिबाचा म्हणून.

इकडे अमेरिकेत खेळ चालू होता. जानेवारी १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवले होते की राबणाऱ्या लोकांच्या विरंगुळ्यासाठी खेळ चालू राहावा. मात्र भरतीतून खेळाडूंना सूट नाही. मग जे उरले ते खेळले. सिनसिनाटीने १९४४ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाला पिचर म्हणून उभे केले. सेंट लुईसकडून १९४५ मध्ये एक हात नसलेला पीट ग्रे ७७ सामने खेळला. १९४३ मध्ये मुलींची व्यावसायिक लीग निघाली. मलायातले रबर जपान्यांच्या ताब्यात गेल्याने १९४३ च्या मोसमाच्या सुरुवातीला चेंडूच्या गाभ्यात रबराऐवजी दुसरा चीक घातला, तर चेंडू उडेचनात.

आणि पलीकडे, शत्रूच्या देशातही हाच खेळ होता. १९३४ मध्ये अमेरिकन खेळाडूंचा संघ जपानला गेला असताना एइजी सावामुरा या सतरा वर्षांच्या पोराने बेब रूथ, लू गेरिग आणि ग्रीनबर्गचाच साथीदार चार्ली गेरिंजर अशा नामवंतांना ओळीने बाद केले होते. सावामुरालाही सैन्यात जावे लागले. डिसेंबर १९४४ मध्ये त्याचे जहाज पाणतीराने बुडाले आणि तो त्यात गेला. जपानमध्ये दरवर्षी उत्तम पिचरला आजही त्याच्या नावाचे पारितोषिक दिले जाते.

ग्रीनबर्ग जून १९४५ मध्ये सैन्यातून सुटला. वय चौतीस. १ जुलैला डेट्रॉइटच्या मैदानावर ४७ हजारांवर माणसे त्याला पाहायला जमली. त्याने होम रन मारला. पण त्या टोल्यापेक्षा पुढचे तीन महिने कठीण होते. तळहाताला फोड, पायांत गोळे, रोजचा सामना. मोसमाचा शेवटचा दिवस ३० सप्टेंबर, स्थळ सेंट लुईस, पाऊस आणि अंधारून आलेले. जिंकले तर लीगचे विजेतेपद पक्के. शेवटच्या डावात डेट्रॉइट २-३ ने मागे होते, तिन्ही ठाण्यांवर साथीदार उभे होते आणि फलंदाजीला ग्रीनबर्ग आला. त्याने चेंडू कुंपणापलीकडे धाडला. एका टोल्यात चार धावा, सामना ६-३. त्यानंतर डेट्रॉइटने वर्ल्ड सिरीजही जिंकली. वर्षभरापूर्वी हा माणूस चीनमध्ये पेटलेल्या विमानाकडे धावत होता.

१९४६ मध्ये त्याने ४४ होम रन मारून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. त्याचे बक्षीस काय, तर जानेवारी १९४७ मध्ये डेट्रॉइटने त्याला पिट्सबर्गला विकून टाकले. त्या काळी खेळाडू हा मालकाच्या मालमत्तेसारखा असे. ‘तू नकोस’ एवढेही त्याला समोर बसवून सांगावे लागत नसे. ग्रीनबर्गला ही बातमी रेडिओवरून कळली. सव्वीस वर्षांनी नाही, पण तेवीस वर्षांनी, १९७० मध्ये, कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने या पद्धतीविरुद्ध दावा लावला. तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिलेल्या मोजक्या जुन्या खेळाडूंत ग्रीनबर्ग होता. आणि तोपर्यंत तो स्वतः संघाचा व्यवस्थापक आणि भागीदारही राहून चुकला होता.

पिट्सबर्गच्या त्या एकाच मोसमात आणखी एक गोष्ट घडली. १९४७ हे जॅकी रॉबिन्सनचे पहिले वर्ष. वरच्या लीगमध्ये त्या काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून तो रोज शिव्या खात होता. तोही सैन्यातून आलेला. लष्करी बसमध्ये मागे बसायला नकार दिल्यावरून १९४४ मध्ये त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला होता आणि तो निर्दोष सुटला होता. मे महिन्यातल्या एका सामन्यात पहिल्या ठाण्यावर त्याची आणि ग्रीनबर्गची धडक झाली. पुढे संधी मिळताच ग्रीनबर्गने लागले तर नाही ना, असे विचारले, आणि शिव्यांकडे लक्ष देऊ नकोस, तू चांगला खेळतो आहेस, असा धीर दिला. तेरा वर्षांपूर्वी त्याला स्वतःला असे सांगणारे प्रतिस्पर्धी फार थोडे भेटले होते. रॉबिन्सनने वर्तमानपत्रवाल्यांपाशी त्याच्या खानदानीपणाची मुक्तकंठाने तारीफ केली.

ग्रीनबर्गच्या नावावर शेवटी ३३१ होम रन राहिले. युद्धाआधी २४९, नंतर ८२. १९४१ चा जवळजवळ पूर्ण मोसम, पुढचे तीन पूर्ण आणि १९४५ चा अर्धा, असे साडेचार मोसम वजा झाले. आधीच्या ४३ च्या सरासरीने धरले तर पाचशेचा आकडा ओलांडला असता. अर्थात हा कागदी हिशेब; मनगट १९३६ सारखे पुन्हाही मोडले असते. १९५६ मध्ये त्याला बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात स्थान मिळाले, १९८३ मध्ये डेट्रॉइटने त्याचा ५ क्रमांक कायमचा राखून ठेवला, आणि ४ सप्टेंबर १९८६ रोजी तो वारला. गेलेल्या वर्षांबद्दल त्याने कोणापाशी हिशेब मागितला नाही.

हिशेब तसा आपल्याकडेही मांडता येतो. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन युद्धात महूच्या छावणीत होता, म्हणून मार्च १९४५ मधल्या रणजी अंतिम सामन्यात तो होळकर संघाकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा काढून गेला. इंदूरची जुनी मंडळी ती खेळी सांगत असत; पण त्याच वर्षांत लॉर्ड्सवर कॉम्प्टनच्या न झालेल्या कसोटी धावा कोण सांगणार? बडोद्याकडून खेळणारे हेमू अधिकारी लष्करात अधिकारी होते. सतराव्या वर्षी प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळलेल्या या फलंदाजाला पहिली कसोटी मिळाली ती १९४७ च्या अखेरीस, ब्रिस्बेनला, अठ्ठावीस वर्षांचे झाल्यावर.

ही सगळी परत आलेली माणसे. वरच्या लीगमधले दोन खेळाडू युद्धात मारले गेले. एल्मर गेडियन फ्रान्समध्ये, १९४४ मध्ये. तो पाच सामने खेळला होता. हॅरी ओनील इवो जिमाच्या बेटावर, १९४५ मध्ये. तो एकच सामना खेळला आणि त्यातही त्याच्यावर फलंदाजीची पाळी आली नाही. त्यांच्या आकड्यांतून काय वजा करायचे, हेच सांगता येत नाही.

यावाटाच्या त्या रात्रीला महिना व्हायच्या आत, १० जुलै १९४४ रोजी, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि धारातीर्थी पडले. वय बावीस. बेळगावात ज्या पलटणीचे केंद्र आहे, तीच ही पलटण. आपल्या भागातल्या किती घरांत गणवेशातला एखादा जुना फोटो भिंतीवर आहे. कोणाचा काका, कोणाचा आजा. त्यांतला कोणी कुस्तीत नाव काढणार होता, कोणी भजनात पहाडी आवाज लावणारा होता, कोणाची ऊसलावण अर्धी राहिली होती. त्यांच्यासाठी कोणी सरासरी काढून ठेवलेली नाही. दिवाळीत घर झाडताना तो फोटो खाली उतरेल, काच पुसली जाईल. तेव्हा घरातल्या मुलांना त्या माणसाचे नाव आणि तो काय करत असे एवढे जरी सांगितले, तरी पुरे.